ऱ्होडोडेंड्रॉन लावताय? आधी मुळांकडे बघा

माझं पहिलं ऱ्होडोडेंड्रॉन दोन वर्षांनी वाळलं, तेव्हा मी कुदळ घेऊन ते काढायला गेले. कुदळीची गरजच पडली नाही. बुंधा धरून जरासं ओढलं आणि सगळं झाड अलगद हातात आलं. खाली मुळांचा गड्डा अगदी कुंडीच्या आकाराचा होता. तळ गोल, कडा सरळ, रोप आणलं त्या दिवशी होता तसाच. दोन वर्षांत एकही मूळ त्या गड्ड्याबाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं. बाहेरची माती चिकट ओली होती आणि गड्ड्याच्या आत मात्र ठणठणीत कोरडं. मी इतके दिवस पाणी घालत होते आणि झाड तहानेने गेलं होतं.

त्या दिवसापासून मी हे झाड वरून बघणं सोडलं आणि खालून बघायला लागले. फुलांचे ते मोठाले गुच्छ, गर्द हिरवी जाड पानं, सगळं मुळांवर अवलंबून आहे, आणि ही मुळं आपल्या सवयीच्या झाडांसारखी नसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मुळं नेमकी कशी असतात

ऱ्होडोडेंड्रॉनला जमिनीत खोल जाणारं सोटमूळ नसतं. केसासारख्या बारीक मुळांची एक जाळी असते आणि ती मातीच्या वरच्या 30 सेंटीमीटरच्या आसपास पसरते. ही मुळं इतकी नाजूक असतात की घट्ट मातीत ती वाट काढू शकत नाहीत. एक विशिष्ट बुरशी या मुळांच्या आत राहते आणि कुजत्या पानांमधलं अन्न त्यांना मिळवून देते. म्हणजे झाडाला हवा असतो भुसभुशीत, पानांच्या खताने भरलेला, ओलसर पण हवा खेळती राहील असा मातीचा थर.

जंगलात हे झाड कुठे वाढतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. हिमालयाच्या उतारांवर, धुक्यात, उंच झाडांच्या विरळ सावलीत. पाऊस भरपूर, पण उतार असल्यामुळे पाणी थांबत नाही. पायाखाली वर्षानुवर्षं साठलेला पालापाचोळा. 1848 आणि 1849 मध्ये जोसेफ डाल्टन हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ सिक्कीमच्या डोंगरांत फिरला आणि तिथून त्याने अनेक जातींचं बी लंडनजवळच्या क्यू उद्यानाला पाठवलं. ती रोपं थंड, दमट हवेच्या बागांत फोफावली आणि तिथून या झाडाचं वेड पसरलं. तेव्हाही ज्यांनी त्याला डोंगरासारखी हवा आणि माती दिली त्यांच्याकडे ते टिकलं.

पहिली पायरी: आपल्या हवेला मानवेल ती जात

या एका प्रजातीत हजाराहून जास्त जाती आहेत. काही घोट्याएवढ्या, काही घराच्या छपरापेक्षा उंच. अझेलिया म्हणून जे विकलं जातं तेही याच प्रजातीत येतं. 1753 मध्ये लिनियसने दोघांना वेगळं ठरवलं होतं, पुढे ते एकत्र झाले. ओळखायचंच असेल तर फूल हातात घ्या आणि पुंकेसर मोजा. अझेलियाला बहुधा 5 असतात, बाकीच्यांना बहुधा 10 किंवा जास्त.

हिमालयातला लालभडक बुरांश बघून अनेकांना तेच झाड दारात हवं असतं. उत्तराखंडचा तो राज्यवृक्ष, नेपाळचं राष्ट्रीय फूल लालीगुराँस तेच, आणि त्याचा एक भाऊबंद थेट नीलगिरी आणि पळनीच्या डोंगरांवरही वाढतो. पण नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो मोठा वृक्ष होतो, त्याला डोंगरी हवा लागते, आणि बियांपासून वाढवला तर पहिलं फूल दिसायला दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जाऊ शकतो.

हिवाळा कडक आणि उन्हाळा सौम्य असेल तर याकुशिमानम ही जात किंवा तिचे संकर घ्या. जपानच्या याकुशिमा या अतिपावसाच्या बेटावरची ही जात ठेंगणी, गोलसर वाढते. पानाच्या खालच्या बाजूला मऊ, लोकरीसारखी लव असते. कळ्या गुलाबी, उमललं की फूल पांढरं, त्यामुळे काही दिवस एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात. सुरुवातीला याहून चांगलं झाड मला माहीत नाही. थंडी फारच तीव्र असेल तर ‘पीजेएम’ हा छोट्या पानांचा संकर काटक आहे. ‘कनिंगहॅम्स व्हाइट’ हा जुना वाण थोडी कमी आम्ल माती आणि थोडा निष्काळजीपणाही सोसतो.

जिथे दहिवर गोठत नाही पण उन्हाळाही फार भाजत नाही, तिथे व्हिरेया गट बघा. आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या डोंगरांवरच्या या जाती, त्यातल्या बऱ्याच झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या. त्यांना थंडीची झोप लागत नाही, वर्षात कधीही फुलतात, पण गोठणं मात्र अजिबात सहन करत नाहीत. आणि उन्हाळा खरोखरच कडक असेल तर मोठ्या पानांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचा मोह टाळा. सदाहरित अझेलियांमध्ये उष्णता सोसणारे वाण आहेत, ते कुंडीत, दुपारची सावली देऊन वाढवा. हवेशी भांडून हे झाड कधीच खूश राहत नाही.

रोप निवडताना फुलांना भुलू नका. पानाची खालची बाजू उलटून बघा. काळे ठिपके किंवा जाळं नसावं. बुंध्याला हलकेच हलवून बघा. कुंडीत तो डुगडुगत असेल तर मुळं धड नाहीत.

दुसरी पायरी: जागा

सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, किंवा उंच झाडाखालची गाळून आलेली सावली, ही सगळ्यात चांगली जागा. साधा ठोकताळा असा की पान जितकं मोठं तितकी सावली जास्त हवी. बारीक पानांच्या जाती ऊन बऱ्यापैकी सोसतात. गडद सावलीत झाड जगतं, हिरवंगार दिसतं, पण फांद्या लांबुडक्या होतात आणि कळ्या धरत नाहीत. जिथे फुलांच्या दिवसांत दहिवर गोठतं, तिथे सकाळचं थेट ऊनही टाळा. गोठलेल्या कळ्यांवर एकदम ऊन आलं की त्या करपतात.

वारा लागणारी उघडी जागा नको. पानं सदाहरित असल्यामुळे हिवाळ्याचा कोरडा वारा त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो आणि कडा तपकिरी होतात.

भिंतीला लागून लावायचा विचार असेल तर थांबा. सिमेंट आणि गिलाव्यातून चुना झिरपून शेजारची माती अल्कधर्मी होते, आणि चुना या झाडाच्या अक्षरशः मुळावर उठतो. निदान मीटरभर तरी लांब जा. मोठ्या झाडाखाली लावताना ते झाड कोणतं हे बघा. ओक किंवा पाइनसारखी खोल मुळांची झाडं चांगली सोबत करतात. वरवर मुळं पसरणारी झाडं याचं सगळं पाणी पिऊन टाकतात. काळ्या अक्रोडाच्या मुळांतून निघणारं द्रव्य तर याला विषच आहे.

तिसरी पायरी: मातीची परीक्षा

दोन गोष्टी तपासायच्या: सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) आणि निचरा. दोन्ही तपासल्याशिवाय रोप विकत घेऊ नका, इतकं हे महत्त्वाचं आहे.

ऱ्होडोडेंड्रॉनला 4.5 ते 6 सामूची आम्लधर्मी माती लागते. मातीत चुना जास्त असला की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. ताटात वाढलेलं आहे पण हात पोचत नाही, अशी झाडाची गत होते. सामू मोजायचं साधं किट किंवा माती परीक्षण, काहीही करा. किट येईपर्यंत एक घरगुती चाचणी करून बघता येते: मूठभर वाळलेल्या मातीवर थोडा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. अशी माती सुधारत बसण्यात अर्थ नाही, सरळ गादीवाफा (जमिनीवर उंच केलेला वाफा) किंवा कुंडीकडे वळा. आजूबाजूला हायड्रेंजिया असेल आणि त्याची फुलं निळी येत असतील तर आनंद माना, ती माती आम्ल आहे.

सामू 6 ते 7 च्या दरम्यान असेल तर गंधकाची पूड मिसळून तो खाली आणता येतो. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आणि हे काम सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने चालतं. म्हणून गंधक लावणीच्या आधीच्या हंगामात मिसळा, पाकिटावर लिहिलंय तेवढंच मिसळा आणि पुन्हा मोजा. घाई करायला अॅल्युमिनियम सल्फेट वापरतात, ते मी वापरत नाही. हायड्रेंजियाला ते चालतं, पण ऱ्होडोडेंड्रॉनच्या मुळांत अॅल्युमिनियम साठून ती खराब होतात. व्हिनेगर ओतणं किंवा कॉफीचा चोथा टाकणं हेही खूप ऐकायला मिळतं. व्हिनेगरचा परिणाम टिकत नाही. कॉफीचं आम्ल बरंचसं पेयातच उतरतं, चोथा जवळजवळ उदासीन असतो. चोथा खतकुंडीत घाला, तिथे तो कामाचा आहे.

निचऱ्यासाठी 30 सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला निदान 2 ते 3 सेंटीमीटर उतरायला हवं. सकाळी भरलेला खड्डा संध्याकाळीही तसाच दिसत असेल तर त्या जागी खड्ड्यात काही लावायचं नाही. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकल्याने हा प्रश्न सुटत नाही. चिकणमातीत केलेला खड्डा म्हणजे बादलीच, तळाशी खडी असली तरी ती बादलीच राहते.

चौथी पायरी: लावणी, आणि माझी चूक

माझं पहिलं झाड मी आंब्याचं कलम लावावं तसं लावलं होतं. खोल खड्डा, तळाशी शेणखत, रोप पिशवीतून काढून जसंच्या तसं आत, वर माती दाबून घट्ट. एकेक गोष्ट याच्या प्रकृतीविरुद्ध होती.

आता मी असं करते. लावणीसाठी थंड हवेत शरद ऋतू किंवा वसंताची सुरुवात बरी. कुठेही असलात तरी ऐन उन्हाळा टाळा. आदल्या दिवशी रोपाची कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते, बुडबुडे थांबेपर्यंत. गड्डा एकदा आतून कोरडा पडला की वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं, आत शिरत नाही. माझ्या झाडाचं तेच झालं होतं.

खड्डा खोल न करता पसरट खणा. रुंदी गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट, खोली गड्ड्याच्या उंचीपेक्षा थोडी कमी. निघालेल्या मातीत निम्म्याच्या आसपास चाळलेलं पानखत आणि झाडाच्या सालीचा बारीक चुरा मिसळा. ताजं शेणखत नको, त्यातल्या क्षारांनी ही मुळं जळतात. राख नको, हाडांचा चुरा नको, दोन्हींमुळे माती अल्कधर्मीपणाकडे झुकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. रोप कुंडीतून काढा आणि गड्डा नीट बघा. बाहेरच्या बाजूला मुळांची विणलेली चटईसारखी गुंडाळी दिसेल. ती मोडायलाच हवी. मी गड्डा मांडीवर आडवा घेते आणि बोटांनी कडेची मुळं मोकळी करते, तळाची चटई ओरबाडून काढते. फारच घट्ट असेल तर सुरीने वरपासून खालपर्यंत चार ठिकाणी दोन-तीन सेंटीमीटर खोल चिरा देते. मुळं तुटताना बारीक कडकड आवाज येतो आणि पहिल्यांदा हात कचरतो. कचरू देऊ नका. तुटलेल्या टोकांतूनच नवी मुळं फुटतात आणि बाहेरच्या मातीत शिरतात. न मोडलेली मुळं मात्र गोल गोल फिरत राहतात आणि झाड जमिनीत असूनही कुंडीतच राहतं.

रोप खड्ड्यात ठेवल्यावर गड्ड्याची वरची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 3 ते 5 सेंटीमीटर वर दिसली पाहिजे. काठी आडवी ठेवून बघा. लावल्यावर माती थोडी खाली बसते, म्हणून हे अंतर आधीच धरायचं. चिकणमाती असेल तर खड्डाच नको: गड्डा जमिनीवर ठेवा आणि भोवती आम्ल, भुसभुशीत मिश्रणाचा उतरता ढीग करा. हा गादीवाफा जितका पसरट तितका चांगला. आजूबाजूला माती भरताना हाताने हलकी दाबा, पायाने तुडवू नका. भरपूर पाणी घाला.

शेवटी आच्छादन. पाइनच्या सुया, सालीचे तुकडे, वाळलेली पानं, यांपैकी जे असेल त्याचा 5 ते 8 सेंटीमीटर जाड थर गड्ड्याच्या पलीकडेपर्यंत पसरा, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला ओलं आच्छादन चिकटून राहिलं की साल कुजते. हे आच्छादन दरवर्षी वाढवत राहायचं. एकदा ते घातलं की त्या झाडाखाली खुरपं चालवायचं नाही. गवत हाताने उपटा. खुरप्याच्या एका फटक्यात वर पसरलेली वर्षभराची मुळं तुटतात.

कुंडीत लावायचं असेल तर

माती चुनखडीची असणाऱ्यांना कुंडी हा उत्तम मार्ग आहे. उंच कुंडीपेक्षा पसरट कुंडी घ्या, खाली भोकं भरपूर. मिश्रणात सालीचा चुरा, पीट किंवा धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट. बागेतली माती घालू नका, कुंडीत ती घट्ट बसते. व्हिरेयाला तर याहूनही जाडंभरडं, ऑर्किडला वापरतात तसलं मिश्रण आवडतं. दर दोन-तीन वर्षांनी फुलं झाल्यावर झाड काढून मुळं मोकळी करा आणि मिश्रण बदला. कुंडी तापते, म्हणून दुपारचं ऊन कुंडीवर पडणार नाही असं बघा.

पाणी

मुळं वरच्या थरात असल्यामुळे झाड लवकर तहानतं, आणि नाजूक असल्यामुळे लवकर गुदमरतं. माती सदैव वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी असावी, हे ध्येय ठेवा. पहिली दोन वर्षं बोट आच्छादनाखाली पाच सेंटीमीटर घालून बघायची सवय लावून घ्या. कोरडं लागलं तर पोटभर पाणी, ओलं लागलं तर काही नाही. रोज चुळकाभर पाणी शिंपडण्याचा उपयोग होत नाही. आणि पाणी बुंध्याजवळच्या गड्ड्यावर पडतंय ना हे बघा, नवं झाड पहिल्या वर्षी तिथूनच पितं.

जड, क्षारयुक्त पाण्यात चुना विरघळलेला असतो. भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तेच पाणी हळूहळू तुमच्या मातीचा सामू वाढवतंय. शक्य तेवढं पावसाचं पाणी साठवून वापरा, कुंडीतल्या झाडाला तर नक्कीच.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती सावरली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. सकाळी मलूल आणि माती मात्र ओली, ही धोक्याची खूण आहे. ती मूळकुजीची असते, आणि तिथे आणखी पाणी घातलं तर झाड हातचं जातं.

खत

थोडक्यात सांगते: कमी. दरवर्षी कुजणारं आच्छादन हेच याचं मुख्य अन्न. वाढ खुंटलेली वाटली तर आम्लप्रिय झाडांसाठीचं सावकाश विरघळणारं खत वसंतात, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. या झाडाला नत्र अमोनियम रूपात मानवतं, नायट्रेट रूपात नाही, म्हणून सर्वसाधारण बागखत वापरू नका. उन्हाळा अर्धा सरल्यावर खत बंद. उशिरा आलेला कोवळा फुटवा थंडीत मरतो.

फुलं ओसरल्यावर

हे काम मला सगळ्यात प्रिय आहे. फुलं सुकली की गुच्छाचा मधला देठ अंगठा आणि तर्जनीत, अगदी मुळाशी धरायचा आणि एका बाजूला वाकवायचा. ‘टक’ असा आवाज होतो आणि सगळा गुच्छ सुटून हातात येतो. पण तोडायच्या आधी वाकून नीट बघा. देठाच्या अगदी खाली, पानांच्या बेचक्यात, तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे, चिकट डोळे असतात. तेच या वर्षीचे फुटवे, आणि त्यांच्याच टोकांवर पुढच्या वर्षीची फुलं येणार. कात्री वापरली की ते हमखास कापले जातात, म्हणून हाताने. बोटं चिकट होतात, होऊ द्या. सुकलेले गुच्छ तसेच ठेवले तरी झाड मरत नाही, पण बी धरण्यात शक्ती खर्चते. फार उंच झाड असेल तर हातापुरतंच करा.

पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात. वाढीच्या शेवटी फांद्यांची टोकं बघा: फुगीर, गोलसर कळी फुलाची, बारीक टोकदार कळी पानांची. त्या दिवसांत झाड तहानलं तर कळ्या कमी धरतात. ‘यंदा फुललंच नाही’ या तक्रारीचं कारण अनेकदा मागच्या उन्हाळ्यात असतं.

छाटणीही याच कारणासाठी फुलं संपल्यावर लगेच करायची. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. पानांच्या घेराच्या जरा वर कापा, तिथून फुटवे येतात. म्हाताऱ्या, बोडक्या झालेल्या झाडाला खालून कापायचं असेल तर साल बघा. खरखरीत सालीच्या जाती जुन्या लाकडातून बहुधा पुन्हा फुटतात. गुळगुळीत सालीच्या बहुधा फुटत नाहीत. फुटणाऱ्या झाडालाही एकदम बोडकं करू नका, तीन वर्षांत तिसरा-तिसरा हिस्सा कापा.

पानं काय सांगतात

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: केवडा. लोह मिळत नाही, म्हणजे सामू वाढलाय किंवा मुळांना त्रास आहे. चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) दिल्याने रंग परततो, पण तो तात्पुरता दिलासा आहे. सामू मोजा, मुळं बुडालीत का बघा.

जुनी, आतली पानं हंगामाअखेर पिवळी होऊन गळतात, हे साहजिक आहे. सदाहरित झाडाचं पानही एक ते तीन वर्षंच टिकतं. कडाक्याच्या थंडीत पानं खाली झुकून विडीसारखी गुंडाळली जातात, तेही घाबरण्यासारखं नाही. ऊब आली की ती उलगडतात.

पानाच्या कडेला अर्धगोल चावे दिसले तर ते रात्री खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं काम. चावे दिसायला वाईट, पण खरा घात त्यांच्या अळ्या करतात. त्या मातीत राहून मुळं आणि बुंध्याची साल खातात. रात्री टॉर्च घेऊन भुंगेरे वेचा, कुंडीत असेल तर परोपजीवी सूत्रकृमींचं द्रावण उपयोगी पडतं. पान वरून ठिपक्याठिपक्यांचं फिकट आणि खालून काळ्या ठिपक्यांनी माखलेलं असेल तर रस शोषणारा जाळीदार पंखांचा ढेकूण आहे. तो उन्हात लावलेल्या झाडांवर जास्त येतो. पानाखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि झाडाची जागा चुकली का याचा विचार करा.

कळी उमलायच्या आधीच तपकिरी-काळी पडून तशीच झाडावर राहिली आणि तिच्यावर बारीक काळे केसांसारखे उभे दांडे दिसले, तर ती बुरशी आहे. अशा कळ्या तोडून जाळा किंवा बंद पिशवीत टाका, खतकुंडीत नको. दांडे नसतील तर कळी थंडीने गेली असेल.

मूळकुजीला औषध शोधत बसू नका. ती आणणारा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीत राहतो, साचलेल्या पाण्यात पसरतो, आणि लक्षणं दिसेपर्यंत मुळं गेलेली असतात. झाड काढा आणि त्याच जागी दुसरं ऱ्होडोडेंड्रॉन लावू नका.

एक इशारा

याची पानं, फुलं आणि मधुरसही विषारी असू शकतात. त्यातल्या ग्रेयानोटॉक्सिन या विषामुळे उलट्या, चक्कर, नाडी मंदावणं असे त्रास होतात. ख्रिस्तपूर्व 401 मध्ये काळ्या समुद्राच्या किनाऱ्याजवळ झेनोफोनच्या ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि ते झिंगल्यासारखे लोळले, हे त्यानेच लिहून ठेवलंय. दोष तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या मधुरसाला दिला जातो. लहान मूल, कुत्रा किंवा शेळी आवारात असेल तर झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी लावा आणि छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नका. कोणी खाल्लंच तर लगेच डॉक्टरकडे किंवा पशुवैद्याकडे जा.

नवं रोप करायचं असेल तर

बी धुळीसारखं बारीक असतं, त्याला उजेड लागतो, आणि संकरित झाडाचं बी आईसारखं निघत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी दाब कलम सगळ्यात सोपं. जमिनीलगतची लवचिक फांदी निवडा. टोकापासून वीस-तीस सेंटीमीटरवर, खालच्या बाजूने साल तिरकी कापा. काप उघडा राहावा म्हणून त्यात काडीचा तुकडा अडकवा. तो भाग पानखत मिसळलेल्या मातीत दाबून वर दगड ठेवा, टोक काठीला उभं बांधा. माती ओली ठेवा आणि विसरून जा. एक ते दोन वर्षं लागतात. मग फांदी हलकेच ओढून बघा. ती मातीला धरून बसली असेल तर आईकडच्या बाजूने कापा, पण लगेच उचलू नका. आणखी काही महिने तिथेच स्वतःच्या मुळांवर जगू द्या. उचलाल तेव्हा मुळांभोवतीची माती झटकू नका, आणि नव्या जागी लावताना तीच काठी पुन्हा आडवी ठेवा: गड्डा जमिनीपेक्षा 3 ते 5 सेंटीमीटर वर.